उजव्या हाताचं रान

दोन देशांची दोस्ती पुन्हा जमवायची तर पहिलं घोडं टेबलापाशी अडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या विश्रामगृहाच्या जेवणघरात एक लांब टेबल आहे. त्याची एक बाजू खिडकीकडे, दुसरी भिंतीकडे. खिडकीकडे तोंड करून कोण बसणार, यावर त्यांचे साहेब आणि आमचे साहेब अख्खी सकाळ घालवून बसले. खिडकीकडे तोंड केलं की डोळ्यांत ऊन येतं, पाठ केली की मानेवर येतं. सुख दोन्हीत नाही, पण एकीकडे म्हणे मान जास्त असतो. शेवटी पडदे ओढले आणि भरदिवसा दिवे लावून दोस्तीला सुरुवात झाली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. चहा गार झाला, तो पुन्हा गरम करावा लागला.

मी त्या विश्रामगृहाची स्वयंपाकीण. लढाईच्या आधी इथे लाकडाचे व्यापारी उतरायचे, कापडाचे दलाल उतरायचे, नाक्यावरचे अधिकारी उतरायचे. लढाईत आधी आमचं सैन्य उतरलं, मग त्यांचं, मग परत आमचं. भांडी तीच, चूल तीच, खाणारी तोंडं तेवढी बदलली. त्यांची बोली आम्हाला कळते आणि आमची त्यांना. ते शब्द जरा चावून बोलतात एवढंच. जेवण आवडलं नाही की दोन्हीकडचे लोक सारखंच तोंड वाकडं करतात.

गाव संपलं की रस्ता आमच्या नाक्याकडे जातो आणि तिथून सरळ त्यांच्या नाक्याकडे. मधल्या पट्टीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान आहे. लढाई थांबल्यापासून त्या पट्टीत कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. माघार घेताना त्यांच्या सैन्यानं दोन्ही बाजूंना सुरुंगाच्या पाट्या लावल्या होत्या, कवटी आणि खाली लाल अक्षरं. पाट्यांची भीती वाटली नाही तरी दोन्हीकडच्या चौक्यांवर बंदुका रोखलेल्या होत्याच. रस्त्याच्या डाव्या हाताच्या रानात दोन गायी चुकून शिरल्या आणि त्यांच्या चिंधड्या झाल्या. उजव्या हाताच्या रानात एकदा एक गाढव गेलं, पोटभर चरलं आणि शेपूट हलवत परत आलं. लोक म्हणाले, गाढवाचं नशीब. तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्या उजव्या हाताच्या रानात माझा भाचा पडलेला होता.

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखा सतत पळत असायचा, जेवायलासुद्धा नीट बसायचा नाही. त्यांच्या नाक्यावर दोन्हीकडचा मिळून एक वजनकाटा होता, तिथे कामाला होता. ट्रक काट्यावर चढला की आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा, तो आमच्या परसात ऐकू यायचा. लढाई भडकली तेव्हा तो तिकडेच अडकला. ज्या सकाळी त्यांचं सैन्य मागे हटलं, त्या सकाळी तो घराकडे निघाला, रानातून, जवळच्या वाटेनं. पाट्या गावाच्या बाजूला तोंड करून लावलेल्या, तो आला त्यांच्या नाक्याच्या बाजूनं. त्याला त्या दिसल्या की नाही, कुणास ठाऊक. रान जवळजवळ ओलांडून आला आणि गोळी लागली. कुणाची ते आजवर कळलं नाही. दोन्हीकडचे म्हणतात आमची नव्हे.

तो पडला आणि आईला हाका मारायला लागला. वहिनी धावत सुटली. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, पाटीच्या अलीकडे तिला कमरेला धरलं. ती त्याच्या हाताला चावली, नखांनी ओरबाडलं, पण त्यानं सोडलं नाही. “पाटी दिसत नाही का तुला,” असं तो एकसारखा ओरडत होता. मी तेव्हा मागे उभी होते. दुपारपर्यंत भिंगरी हाका मारत होता. नंतर हाका थांबल्या.

मग दोन्हीकडे चौक्या बसल्या आणि मधली पट्टी बंद झाली. आमच्या गच्चीवरून एक उन्हाळाभर त्याचा निळा शर्ट दिसायचा. पुढे गवत वाढलं आणि तोही दिसेनासा झाला. त्या सकाळबद्दल दादा आणि वहिनी एकमेकांशी कधी बोलले नाहीत. तिनं त्याला वाढलं, त्याची आजारपणं काढली, त्याच्या फाटक्या बनियनला ठिगळं लावली. पण त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही, की त्या धरण्याचं तिच्या मनात काय आहे. एका घरात दोन माणसं इतकी वर्षं मूग गिळून राहू शकतात, हे मी बघितलं आहे.

तर आता करार झाला होता. त्यांचं लाकूड इकडे येणार, आमचं कापड तिकडे जाणार, दोन्ही राजधान्यांत पुन्हा एकमेकांचे राजदूत बसणार. बाजारातली बंद दुकानं उघडणार म्हणून गाव खूश होतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. रिकाम्या विश्रामगृहाची स्वयंपाकीण म्हणजे बिनकामाची बाई. पण या सगळ्यासाठी आधी तो रस्ता साफ व्हायला हवा होता.

त्यासाठी तिकडून एक म्हातारा आला. हे सुरुंग त्यानंच पेरलेले. नकाशा होता, पण भिजून त्याचा लगदा झालेला, म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाला घरातून उठवून आणलं होतं. तोंडात दात नाहीत, गुडघे दुखरे, ऐकायला जरा कमी. मी त्याच्यासाठी बटाटे कुस्करून वेगळे ठेवायची. का ठेवायची, माझं मलाच कळत नसे. मनात म्हणायची, खा मेल्या, आणि वर लोणी घालायची.

कामाला लागला की मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा. रस्त्याच्या कडेनं लाल-पांढरी फीत बांधलेली असे. तिच्या आत पालथा पडून तो सळईनं जमीन चाचपायचा, बोटांनी माती उकरायचा. आणि फितीला कुणाचा पाय लागला रे लागला की असा ओरडायचा, की चौकीवरचे शिपाई दचकायचे. एकदा त्याच्याच देशाच्या मोठ्या साहेबांचा बूट फितीला घासला. म्हाताऱ्यानं त्यांची आईमाई काढली. साहेब बिचारे वरमून दहा पावलं मागे सरकले.

त्याच्या मागून दादाची गँग चालायची. दादा रस्त्याच्या गँगवर मुकादम आहे आणि वहिनी त्याच गँगमध्ये घमेली उचलते. जेवढा रस्ता म्हातारा मोकळा करून देईल, तेवढ्यावर हे खडी टाकणार, मुरूम पसरणार, रोलर फिरवणार. असं करत करत दोघं नवराबायको रोज थोडी थोडी आपल्या मुलाच्या जवळ जात होती.

संध्याकाळी हातपाय धुऊन वहिनी विश्रामगृहाच्या मागच्या दाराशी यायची आणि एकच विचारायची, उजवीकडची फीत कुठवर जाणार. मी साहेबांच्या बोलण्यातून जे ऐकलं ते सांगायची. करारात फक्त रस्ता होता. रस्ता आणि त्याची साइडपट्टी, बस्स. भिंगरी पडला होता ती जागा फितीपासून आमच्या अंगणाएवढी लांब होती, त्यापेक्षा जास्त नाही. आणि रस्ता खुला झाला की दोन्ही बाजूंना उंच तारेचं कुंपण घालायचं ठरलं होतं. एकदा का ती तार ताणली, की मग पोराचं हाडही हाती लागणार नव्हतं. वहिनी हे ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि घरी जायची.

मी आमच्या साहेबांपुढे दातांच्या कण्या केल्या. व्यापारखात्याचे साहेब, वयानं लहान, पोटाचा त्रास असलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लगेच वर कळवलं. उत्तर आलं की रानाचा विचार पुढच्या टप्प्यात होईल. पुढचा टप्पा कधी, ते उत्तरात नव्हतं. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना अंगणाएवढी जागा म्हणजे किती, ते कसं कळणार? साहेब माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, मावशी, मी पुन्हा लिहितो. मी म्हटलं, लिहा.

एका दुपारी म्हातारा गुडघ्याला शेकायला गरम पाणी मागायला स्वयंपाकघरात आला. मी बटाटे सोलत होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून मी सरळ विचारलं.

“बाबा, उजव्या हाताच्या रानात किती पेरलेत?”

त्यानं आधी दाराकडे बघितलं. “का विचारता?”

“माझा भाचा पडलाय तिथे. सैनिक नव्हता. वजनकाट्यावर कामाला होता. हाडं तरी मिळावीत म्हणून त्याची आई रोज माझ्या दारात येते.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

“मग काळजीच सोडा, ताई. तिकडे एकही नाही. आमचा साठा डावीकडेच संपला. साहेब म्हणाला, उजवीकडे नुसत्या पाट्या ठोका, माणूस पाटीलाच भितो. कागदावर मात्र पेरले असंच लिहिलं, म्हणून मी कुठे बोललो नाही. उद्या सकाळी मी चालत जातो आणि त्याला घेऊन येतो. आईला सांगा.”

तो खरंच खूश झाला होता. इतक्या वर्षांनी कुणाला काहीतरी चांगलं द्यायला मिळतंय, असा आनंद होता तो. माझ्या हातात सुरी तशीच राहिली. तोंडात कुणी मारावी तसं झालं मला. मी पाटावर धपकन बसले.

“दुपारपर्यंत हाका मारत होता तो,” मी म्हटलं.

म्हाताऱ्याला आधी ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग सगळंच सांगितलं, वहिनी कशी धावली, दादानं कसं धरलं, पाटी दिसत नाही का म्हणून तो कसा ओरडत होता.

“गोळी कुठे लागली होती?” त्यानं विचारलं.

“मांडीत. दोन्ही हातांनी दाबून धरलेली लांबून दिसत होती.”

मांडीतली गोळी म्हणजे काय, ते सैनिकाला वेगळं सांगावं लागत नाही. पट्टा घट्ट आवळला असता, ओढून आणला असता, तर पोर आज लंगडत का होईना घरात फिरलं असतं. म्हातारा बटाट्याच्या पोत्यावर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला.

“पाट्या मीच रंगवल्या होत्या,” तो म्हणाला.

मला राग आला. भरपूर आला. उकळतं पातेलं त्याच्या अंगावर ओतावं असं एक क्षण वाटलं, हे मी लपवणार नाही. पण राग धरायलासुद्धा समोर धडधाकट माणूस लागतो. हा पोत्यावर बसून बोळक्या तोंडानं रडत होता आणि त्याचं नाक मलाच पुसायला द्यावं लागलं.

आणि मग मला दादा आठवला. इतकी वर्षं दादा त्या एका गोष्टीवर उभा होता. तो कधी बोलला नसेल, पण मी त्याची बहीण आहे, मला ठाऊक आहे. तिथे सुरुंग होते. म्हणून धरलं. सोडलं असतं तर दोघं गेली असती. यातलं पहिलं वाक्य काढून घेतलं तर माझा भाऊ जगला नसता. रोलरखाली गेला असता नाहीतर रस्त्याखालच्या मोरीत सापडला असता.

मी म्हाताऱ्याला तसंच सांगितलं. त्यानं डोळे पुसले.

“मग सुरुंग काढायला हवेत,” तो म्हणाला.

“नसलेले?”

“नसलेलेच.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत तो उठून उभा राहिला. म्हणाला, मोरीजवळ उजव्या बाजूला एक ओळ फितीच्या पलीकडे रानात पेरल्याचं आठवतंय. जड ट्रक गेला, जमीन हादरली, तर काय होईल सांगता येत नाही. तेवढं रान तपासल्याशिवाय मी रस्त्याला मोकळा म्हणणार नाही. त्यांचे मोठे साहेब कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. आमच्या साहेबांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. ट्रेमधल्या कपबश्या वाजत होत्या. साहेब म्हणाले, रस्त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणजे करारात बसतं, लिहून घ्या. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं पथ्याचं जेवण मी जास्त मन लावून करायला लागले.

काम ठरलं त्या दिवशी अख्खी गँग हातावर हात ठेवून रस्त्यावर उभी होती. उजेड फुटायच्या सुमाराला म्हातारा एकटाच जाऊन आला होता, ते फक्त मला माहीत होतं. डावीकडून काढलेले, निकामी करून शेडमध्ये ठेवलेले दोन सुरुंग त्यानं रानात पुरून ठेवले होते. आता तो सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला. मग पालथा झाला. सळई टोचली, बोटांनी चाचपलं, वितभर पुढे सरकला. पुन्हा सळई, पुन्हा बोटं. ऊन चढत होतं. त्याचं टक्कल घामानं चमकत होतं, पँट गुडघ्यांवर फाटली होती. ज्या रानातून गाढव चरून आलं, त्या रानात तो माणूस इंच इंच जमीन तपासत होता. मला दोनदा वाटलं, बाबा, पुरे, उठा. पण ओठ घट्ट मिटून मी उभी राहिले.

पहिला सुरुंग त्यानं दोन्ही हातांनी वर काढला तेव्हा गँगमधल्या माणसांची पाचावर धारण बसली. कुणीतरी मागे पळालं. दादा मात्र पुढे झाला. मी त्याचा चेहरा कधी विसरणार नाही. त्यानं शेजारच्या माणसाचा दंड धरला, मग दुसऱ्याचा. “बघितलंत?” तो म्हणत होता. “इथूनच धावत होती ही. इथूनच.” म्हणू नये, पण माझा भाऊ त्या क्षणी खूश दिसत होता. ताठ उभा होता. दुसरा सुरुंग निघाला तेव्हा त्यानं तोंड फिरवून नाक शिंकरलं.

वहिनी सुरुंगांकडे बघतच नव्हती. ती पुढे गवतात बघत होती.

म्हातारा तिथे पोचला आणि थांबला. त्यानं गवत बाजूला केलं. आपला कोट काढून जमिनीवर पसरला आणि एकेक हाड उचलून त्यावर ठेवायला लागला. हळूहळू ठेवत होता, वाजू नयेत म्हणून असावं. पट्ट्याचं बक्कल निघालं, तेही ठेवलं. तेवढ्यात वहिनी निघाली. तिला भान नव्हतं. फीत तिच्या पोटाला लागून तुटली आणि तिचे पाय आत पडले. दादानं झेप घेऊन तिला धरलं, त्या सकाळी धरलं होतं तसंच, कमरेला, आणि मागे ओढलं. म्हाताऱ्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली वाकला.

गाठोडं बांधून त्यानं स्वतः आणलं आणि वहिनीच्या हातात दिलं. केवढंसं होतं ते. एवढं दांडगं पोर आणि केवढंसं गाठोडं. वहिनीनं ते छातीशी धरलं, आणि त्याच्या कोटाच्या बाह्या तिच्या हातांवरून खाली लोंबत राहिल्या. पोराचं जे करायचं ते आम्ही दुसऱ्या दिवशी केलं. सगळं गाव आलं होतं.

म्हातारा दोन दिवसांत परत गेला. जाताना माझ्याकडे आला नाही. बरंच झालं. काय बोललो असतो आम्ही?

त्यानंतर एका संध्याकाळी वहिनी मागच्या दाराशी आली. आता विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून मला जरा नवल वाटलं. मी भांडी घासत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“वन्सं, तिथे काही नव्हतं ना?”

“कुठे?” मी म्हटलं.

“माझे पाय आत पडले, तेव्हा त्यानं बघितलं. ओरडला नाही.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. “त्यांच्या साहेबाचा नुसता बूट लागला तर केवढा ओरडला होता. मी अख्खी आत गेले आणि तो नुसता बघत राहिला.”

माझ्या हातातलं पातेलं खाली गेलं. खोटं बोलायला हवं होतं. सगळं नाटक त्यासाठीच केलं होतं. पण ते नाटक दादासाठी होतं, आणि ही आई होती, आणि माझी जीभ उचलेना.

“नव्हतं,” मी म्हटलं. “नुसत्या पाट्या होत्या.”

“म्हणजे मी पोचले असते.”

“हो.”

मला वाटलं आता ती कोसळेल. मी हात पुसून पुढे झाले. ती कोसळली नाही. तिनं ओट्यावरची एक ओली वाटी उचलली, पुसली, पालथी घातली. दुसरी उचलली.

“ह्यांना माहीत आहे?”

“नाही.”

ती वाट्या पुसत राहिली. सगळ्या झाल्यावर म्हणाली, “इतकी वर्षं मी मनाला एकच सांगत होते. सुरुंग होते म्हणून धरलं. तेवढ्यावर मी ह्यांच्या ताटात वाढत होते, वन्सं. आता कशावर वाढू?”

तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण ती अशी उभी होती की हात लावायचा धीर झाला नाही. जाताना म्हणाली की आज उशीर झाला, घरी चूल पेटवायची आहे.

रस्ता खुला झाला त्या दिवशी दोन्ही झेंड्यांच्या काठ्या मोजून सारख्या उंचीच्या केल्या होत्या. तरी वाऱ्यानं त्यांचा जास्त फडकतोय म्हणून आमच्याकडचे दोघं कुरकुरत होते. भाषणं झाली. हस्तांदोलन झालं, मग फोटोवाल्यांसाठी परत एकदा झालं. तिकडून लाकडानं भरलेले ट्रक निघाले, इकडून कापडाचे. वजनकाट्यावर एक नवीन पोरगा बसवला होता, तो आकडा बारीक आवाजात सांगत होता. गँगला धुतलेले कपडे घालून कडेला रांगेत उभं केलं होतं. रस्ता त्यांनी केला होता, म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी चहाची किटली घेऊन त्यांच्या मागे उभी होते. उजव्या हाताला माणसं तारेचं कुंपण ताणत होती.

दादा आणि वहिनी शेजारी शेजारी उभे होते. पहिला ट्रक गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या आवाजात दादा तिला काहीतरी म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. ट्रक पुढे गेल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, आणि ते मी ऐकलं. लग्नाच्या बायकोला नव्हे, कोर्टात जज्जाला विचारावं तसं विचारलं त्यानं.

“मी धरलं तुला, ते चुकलं का गं माझं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रानातून निघालेल्या त्या दोन सुरुंगांनी त्याला तेवढा धीर दिला होता. आता विचारायला हरकत नाही, उत्तर आपल्या बाजूचंच येणार, असं त्याला वाटलं असावं. वहिनी समोर बघत होती. तिनं त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. तिचा हक्क होता. पोरानं हाका तिला मारल्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली. “बरं केलंत. तुम्ही धरलंत म्हणून मी आहे.”

दादाचा चेहरा आधी तसाच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो तिथेच, साहेबलोकांच्या देखत, रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि पोरासाठी मोठ्यानं रडला. पोर गेलं त्या दिवशी रडला नव्हता. हाडं आली तेव्हाही नाही. वहिनी वाकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे मी एकदा बघितलं आणि पुन्हा बघवलं नाही. मी दादासाठी कपात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो त्याला पाजला.